रिकाम्या तासाचा हिशेब

आमच्या यंत्रमागाच्या गावात एखाद्या बापाला विचारलं, "मुलगा कितवीत आहे?" तर तो लगेच सांगतो. "त्याला गणित कोण शिकवतं?" असं विचारलं की तो थांबतो. "कोई सर थे, चले गए," हे उत्तर मी इतक्या वेळा ऐकलं आहे की आता त्याचं नवल वाटत नाही. वेळापत्रकात गणिताचा तास असतो, विज्ञानाचाही असतो. घंटा होते, मुलं वह्या काढतात आणि कधी उर्दूचे, कधी इतिहासाचे, कधी शारीरिक शिक्षणाचे सर येऊन बसतात. वर्ग शांत ठेवणं एवढंच त्यांचं काम. कागदोपत्री तास झालेला असतो.

मी एकतीस वर्षं उर्दू माध्यमाच्या माध्यमिक शाळेत गणित आणि विज्ञान शिकवलं. २०१६ साली निवृत्त झालो. घरी दखनी बोलतो, शिकवलं उर्दूत, लिहितो मराठीत. निवृत्तीनंतर दर रविवारी माझ्या घराच्या ओसरीवर शिक्षक होऊ पाहणारी दहा-बारा मुलं-मुली जमतात. त्यांच्याबरोबर बसताना मला एक गोष्ट स्पष्ट दिसू लागली. आपण शाळांच्या इमारतींविषयी बोलतो, निकालाच्या टक्केवारीविषयी बोलतो, माध्यम उर्दू असावं की मराठी की इंग्रजी यावर तर रात्र रात्र बोलतो. परंतु फळ्यासमोर जो उभा राहणार तो कुठून येतो, याचा हिशेब कुणी मांडत नाही. तो मांडण्याचा हा प्रयत्न आहे.

आधी हे चक्र कसं फिरतं ते पाहू. आमचा मुलगा दहावीपर्यंत उर्दूत शिकतो. त्याला त्रिकोण म्हणजे 'मुसल्लस', कोन म्हणजे 'ज़ाविया', क्षेत्रफळ म्हणजे 'रक़बा', ऊर्जा म्हणजे 'तवानाई' हे शब्द माहीत असतात. बरे गुण मिळाले तर तो अकरावी विज्ञानला जातो. तिथे सारं इंग्रजीत. ज्या 'इसराअ'ची उदाहरणं त्याने सोडवलेली असतात, तेच 'ॲक्सिलरेशन' बनून समोर आलं की त्याला ओळखू येत नाही. पहिल्या चाचणीत तो नापास होतो, दुसरीत गैरहजर राहतो, तिसरीच्या आत कला शाखेत जातो. बारावी कला करून डी.एड. करतो आणि आमच्याच शाळेत शिक्षक म्हणून परत येतो. ज्या गणिताला घाबरून तो पळाला होता, ते त्याला सहावी-सातवीला शिकवायला मिळतं. तो प्रामाणिक असतो, पाठांतर करून घेतो, पण भीती लपत नाही. मुलांना ती दिसते. मग त्यांच्यातलाही एखादा हुशार मुलगा दहावीनंतर त्याच वाटेने जातो.

या चक्रात उर्दूचा दोष किती? आमच्यातले पुष्कळ सुशिक्षित लोक म्हणतात, सगळा दोष भाषेचा. मला तसं वाटत नाही. दिल्ली कॉलेजात मास्टर रामचंद्र उर्दूतून गणित शिकवत. त्यांनी लिहिलेलं कमाल-किमान मूल्यांवरचं पुस्तक १८५० साली निघालं आणि १८५९ मध्ये ऑगस्टस डी मॉर्गन या नामांकित गणितज्ञाने ते लंडनमध्ये पुन्हा प्रसिद्ध करवलं. हैदराबादला १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ स्थापन झालं तेच उर्दू माध्यमात. विज्ञानाची आणि गणिताची पुस्तकं भाषांतरित करण्यासाठी तिथे स्वतंत्र भाषांतर विभाग होता. मराठवाडा तेव्हा निज़ामाच्या राज्यात होता. आमच्या मराठवाड्यातल्या नातेवाइकांच्या घरी त्या काळातली उर्दू गणिताची पुस्तकं मी स्वतः हाताळली आहेत. तेव्हा भाषा दुबळी नाही. दहावीच्या काठावर आपण मुलाला सोडून देतो आणि पलीकडे नेणारा पूल बांधत नाही, हे दुबळेपण आहे. तो पूल बांधायला दोन्ही काठ पाहिलेला शिक्षक लागतो.

एक साधी अडचण सांगतो. ती डी.एड.मध्ये कुणी शिकवत नाही. उर्दू उजवीकडून डावीकडे लिहितात, समीकरण डावीकडून उजवीकडे. शाब्दिक उदाहरण वाचताना मुलाची नज़र एका दिशेने धावत असते, मध्येच संख्या आली की उलटी फिरते, पुन्हा सरळ होते. नव्या मुलाची वजाबाकी इथेच उलटते. सातातून तीन की तीनातून सात? त्याला गणित येत नाही असा शेरा आपण मारतो. खरं तर त्याचा डोळा चुकलेला असतो. मी रविवारच्या मुलांना सांगतो, उदाहरण आधी तोंडी सांगायला लावा, मग लिहायला. दोन आठवड्यांत अर्ध्या चुका कमी होतात.

आता भरतीकडे येऊ. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्यात स्पष्ट लिहिलं आहे की सहावी ते आठवीसाठी विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्रं आणि भाषा यांचे निदान एकेक शिक्षक असलेच पाहिजेत. कायदा चांगला. पण महाराष्ट्रात २०११ च्या पटपडताळणीनंतर अतिरिक्त शिक्षकांचा प्रश्न उभा राहिला आणि २०१२ साली नव्या भरतीवर बंदी आली. पुढे पवित्र पोर्टल आलं, २०१७ च्या डिसेंबरात अभियोग्यता चाचणी झाली, त्यानंतरची थेट २०२३ मध्ये. दोन चाचण्यांमध्ये पाच वर्षं. या पाच वर्षांत बी.एस्सी. झालेला मुलगा वाट पाहत बसत नाही. तो औषध कंपनीत जातो, खाजगी क्लासमध्ये जातो, आखातात जातो.

उर्दू शाळांची आणखी एक अडचण बिंदुनामावलीची. अनुसूचित जाती-जमातींसाठी राखीव असलेल्या जागांवर उर्दू माध्यमाचे पात्र उमेदवार मिळत नाहीत, म्हणून त्या जागा वर्षानुवर्षं रिकाम्या राहतात. यावरून आमच्यातले काही जण आरक्षणावरच राग काढतात. मला ते मुळीच पटत नाही. ज्या समाजांना शतकानुशतकं शाळेच्या बाहेर ठेवलं, त्यांचा हक्क कुणी मागे घ्यावा असं कुठल्या तोंडाने म्हणायचं? प्रश्न नियोजनाचा आहे. त्या उमेदवारांना दुसऱ्या माध्यमात तेवढ्या जागा देऊन उर्दूच्या जागा भरता येतील. मागणी करायची तर ही करावी, आणि तीही त्या समाजांच्या कार्यकर्त्यांबरोबर बसून.

सरकारकडे बोट दाखवताना बाकीची बोटं आपल्याकडे वळतात हेही सांगितलं पाहिजे. राज्यघटनेच्या तिसाव्या कलमाने अल्पसंख्याकांना आपल्या शिक्षणसंस्था चालवण्याचा अधिकार दिला. हा अधिकार फार मोलाचा आहे. पण त्याचा उपयोग आपण कसा केला? जागा निघाली की तिचा 'भाव' निघतो, हे गावात शेंबडं पोरही जाणतं. बी.एस्सी. गणित झालेला गरीब विणकराचा मुलगा तो भाव देऊ शकत नाही. संस्थेतल्या एखाद्याचा भाचा देऊ शकतो. त्याचा विषय इतिहास असला तरी चालतं. १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सेवेत असलेल्या शिक्षकांनाही टीईटी आवश्यक ठरवली. पाच वर्षांहून अधिक सेवा उरलेल्यांना दोन वर्षांची मुदत दिली, आणि अल्पसंख्याक संस्थांचा प्रश्न मोठ्या पीठाकडे विचारार्थ पाठवला. तेव्हा आमच्याकडे पहिली चर्चा झाली ती 'आपल्याला सूट राहील ना?' याची. सूट राहील की न राहील, ते न्यायालय ठरवील. पण आपल्या मुलांना विषय जाणणारा शिक्षक नको, अशी सूट मागणारे आपण कोण?

एका मुलीविषयी सांगतो. नाव सांगत नाही. ती आमच्या गावातल्या माग चालवणाऱ्याची मुलगी. २०१४ साली दहावी झाली, अकरावीला विज्ञान घेतलं आणि तीन महिन्यांत रडत माझ्याकडे आली. "सर, समजताच नहीं, आर्ट्स ले लेती हूँ." आम्ही एक वही केली. तिला तीन रकाने. ज़ाविया, कोन, अँगल. रक़बा, क्षेत्रफळ, एरिया. इसराअ, त्वरण, ॲक्सिलरेशन. रोज दहा शब्द. दिवाळीपर्यंत वही भरली आणि तिला कळून चुकलं की नवीन काहीच नाही, ओळखीच्याच माणसांनी कपडे बदलले आहेत. ती बी.एस्सी. झाली, बी.एड. झाली, टीईटीचा गणित-विज्ञानाचा पेपर पास झाली, २०२३ ची अभियोग्यता चाचणी दिली. २०२४ मध्ये तिची निवड झाली. मराठवाड्यातल्या एका खेड्यात, जिल्हा परिषदेच्या उर्दू शाळेत, सहावी ते आठवीला, शिक्षणसेवक म्हणून. तीन वर्षं मानधन, महिना सोळा हजार.

तिचे अब्बा माझ्याकडे आले. खाली मान घालून बसले. म्हणाले, "सर, लड़की ज़ात है. अनजान गाँव, किराये का कमरा. सोला हज़ार में क्या बचेगा?" मी काय उत्तर देणार? २०२३ च्या सुरुवातीपर्यंत हे मानधन सहा हजार होतं, आता सोळा झालं, हे सांगून त्यांचं समाधान होणार नव्हतं. त्यांची काळजी खोटी नव्हती. खोलीचं भाडं, गावी ये-जा, तिच्या लग्नाच्या गोष्टी, सगळंच त्यात होतं. शेवटी तिच्या अम्मी पडद्याआडून बोलल्या, "हमारे टाइम पर किसी ने भेजा नहीं. इस को जाने दो. मैं चार महीने साथ रहती हूँ." आणि त्या खरोखर गेल्या. उच्च पदावरचे अधिकारी 'शिक्षक दुर्गम भागात जात नाहीत' असं अहवालात लिहितात तेव्हा मला या अम्मी आठवतात. शिक्षक एकटा जात नाही, त्याच्याबरोबर घर जावं लागतं. त्या घराची सोय कुठल्याही योजनेत नसते.

ती रुजू झाली तेव्हा शाळेत विज्ञानाची पेटी होती, पण कपाटात, कुलपात, वेष्टनासकट. तिने पेटी उघडण्याची परवानगी येईपर्यंत वाट पाहिली नाही. हळदीचं पाणी कागदावर लावून वाळवलं आणि त्यावर साबणाचं पाणी टाकलं. कागद लाल झाला. लिंबू पिळलं, पुन्हा पिवळा. मुलींनी सांगितलं, लग्नातल्या हळदीचा डाग धुताना असाच लाल होतो. मग आम्ल-अल्कली शिकवायला किती वेळ लागणार?

तिने मला फोनवर सांगितलेला एक तास मात्र मी विसरू शकत नाही. सातवीला अपूर्णांक आणि गुणोत्तर चालू होतं. तिने मीरासचं उदाहरण घेतलं. एका माणसाचं घर विकून, कर्ज वगैरे वजा जाता, चोवीस लाख राहिले. मागे बायको, दोन मुलगे, तीन मुली. आई-बाप हयात नाहीत. बायकोला आठवा हिस्सा म्हणजे तीन लाख. उरले एकवीस. मुलाला मुलीच्या दुप्पट, म्हणजे मुलांचे चार आणि मुलींचे तीन, एकूण सात भाग. एक भाग तीन लाखांचा. प्रत्येक मुलीला तीन, प्रत्येक मुलाला सहा. सगळं मिळून चोवीस. बेरीज जुळली म्हणून वर्ग खूश झाला. तेवढ्यात एक मुलगी उठली आणि म्हणाली, "मिस, मेरी फूफी को तो कुछ नहीं मिला." वर्गात कुणी हसलं नाही. मिस म्हणाली, "हिसाब में तो मिलता है, बेटी. तू हिसाब पक्का कर."

मीरासच्या गणिताचं नातं जुनं आहे. नवव्या शतकात बगदादमध्ये अल-ख्वारिज़्मीने जे पुस्तक लिहिलं आणि ज्याच्या नावातल्या 'अल-जब्र'वरून जगाने बीजगणिताला 'ॲल्जिब्रा' म्हटलं, त्याचा मोठा भाग वारसा-वाटणीच्या उदाहरणांनीच भरलेला आहे. आपण जलशांतून त्याचं नाव अभिमानाने घेतो. पण त्याचं गणित मुलींच्या वर्गापर्यंत पोहोचवायला कुणीतरी जावं लागतं. त्या मुलीने फळ्यावर आपल्या फूफीचा हिस्सा काढला. तो मिळेल की नाही, हे शाळा ठरवत नाही. तो किती आहे हे मात्र आता तिला कुणी चुकीचं सांगू शकणार नाही.

असे शिक्षक तयार कसे करायचे? याची उत्तरं नवी नाहीत, आपल्या आसपासच सापडतात. १९७२ साली मध्य प्रदेशात होशंगाबाद जिल्ह्यातल्या सोळा शाळांत विज्ञान शिकवण्याचा एक उपक्रम सुरू झाला. किशोर भारती आणि रसूलियाचं फ्रेंड्स रूरल सेंटर या संस्थांनी तो सुरू केला, पुढे एकलव्य संस्थेने चालवला. शिक्षक उन्हाळ्याच्या सुट्टीत तीन-तीन आठवडे एकत्र येत आणि मुलांनी करायचे सगळे प्रयोग आधी स्वतः करत. वर्ष सुरू झालं की महिन्याच्या महिन्याला बैठक. काय जमलं, काय फसलं, ते तिथे बोलायचं. २००२ साली सरकारने तो बंद केला, पण शिक्षकाला एकदा शिकवून सोडून देऊ नये, हा त्याचा धडा बंद झालेला नाही. मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राची स्थापना १९७४ ची. त्यांनी सत्तरच्या दशकात जळगाव जिल्ह्यातल्या खिरोद्याच्या परिसरातल्या ग्रामीण शाळांत काम केलं आणि विज्ञान शिकताना भाषेचा अडसर किती येतो, हे तपासलं. आमच्या तीन रकान्यांच्या वहीचं मूळ अशाच कामात आहे. ली शुलमन या अमेरिकन अभ्यासकाने १९८६ साली मांडलं की विषय येणं आणि शिकवणं येणं यांच्यामध्ये आणखी एक ज्ञान असतं. मुलाला हा विषय कुठे अडतो आणि तिथे कोणतं उदाहरण उपयोगी पडतं, हे ते ज्ञान.

रविवारी आम्ही एवढंच करतो. पदवीधर मुलांना विचारतो, सहाला अर्ध्याने भागलं तर बारा का येतात? उत्तर येतं, "सर, उलटा करके गुणा करते हैं." का? गप्प. मग सहा पाव मागवतो आणि प्रत्येकाला अर्धा द्यायला सांगतो. किती जणांना पुरले? बारा. चेहरे उजळतात. नंतर त्यातला एक शिकवतो, बाकीचे सातवीचे मुलगे बनून अडवणारे प्रश्न विचारतात. नोकरी लागल्यावर पहिली दोन वर्षं दर शनिवारी संध्याकाळी फोन. नव्या शिक्षकाला पहिल्या वर्षी एकटं वाटतं, आणि एकटं वाटलं की तो गाईड उघडून वाचू लागतो. फोन त्यासाठी असतो.

पण दहा-बारा मुलांची ओसरी पुरणार नाही. म्हणून वाचकांपुढे, विशेषतः आमच्या संस्थाचालकांपुढे आणि व्यापारी मंडळींपुढे दोन-तीन गोष्टी ठेवतो.

पहिली, दहावीला गणित-विज्ञानात बरे गुण मिळवणाऱ्या मुलींना अकरावीच्या पहिल्या सहा महिन्यांत सांभाळा. गळती तिथे होते. एक निवृत्त शिक्षक, एक खोली आणि तीन रकान्यांची वही, एवढ्याने ती थांबते. दुसरी, ज़कातच्या रकमेतून गरजू विद्यार्थ्याला मदत करायला हरकत नाही, हे आपण जाणतो. दरवर्षी गावातल्या पाच-सात गरजू मुला-मुलींचा बी.एस्सी. आणि बी.एड.चा खर्च उचला. बी.एड. २०१५ पासून दोन वर्षांचं झालं आहे, तेव्हा पाच वर्षांची तयारी ठेवा. त्यांच्याकडून बंधपत्र नको. ज्या शाळेत गणिताचा शिक्षक नाही तिथे निदान तीन वर्षं शिकवीन, एवढा शब्द घ्या. गरिबाची मुलं शब्द पाळतात. तिसरी, तुमच्या संस्थेत जागा निघेल तेव्हा उमेदवाराला सातवीच्या वर्गावर एक तास शिकवायला लावा आणि मागच्या बाकावर बसून पाहा. त्या तासानंतर भाव ठरवायची हिंमत होते का, ते स्वतःलाच विचारा.

आमच्या त्या मुलीची तीन वर्षं २०२७ मध्ये पूर्ण होतील. तिचं लग्न ठरतं आहे. मुलगा दुसऱ्या जिल्ह्यातला आहे. बदली मिळाली तर ती शाळा पुन्हा गणिताच्या शिक्षकाविना राहील. न मिळाली तर तिचं घर दोन ठिकाणी विभागलं जाईल. तिच्या अम्मींनी मला विचारलं, "सर, आप ही बताओ." मी एवढंच म्हणालो की ती जाईल तेव्हा तिच्या जागी जायला दुसरी तयार असली पाहिजे. सध्या माझ्या ओसरीवर बी.एस्सी.च्या दोन मुली येतात. दोन वर्षांत त्यांचं बी.एड. होईल, त्यानंतर टीईटी, त्यानंतर चाचणी, जर ती वेळेवर निघाली तर. त्यातल्या एकीच्या अब्बांना मी अजून भेटलेलो नाही. या रविवारी जायचं आहे.